पिशाच्चाला दार का उघडलं?

एक सिनेमा दाखवला तर गोष्ट एकच जमायला हवी. पण बत्तीस माणसं बसली की गोष्टी बत्तीस होतात, आणि घरोघरी जाऊन त्यांना पिल्लं होतात ती वेगळीच! गेले सहा महिने मला कोणीही रस्त्यात अडवतं आणि विचारतं, "ताई, त्या भुताच्या सिनेमाचं काय झालं होतं हो?" कोणी ऐकलेलं असतं की हॉलमध्ये मारामारी झाली. कोणी ऐकलेलं असतं की एका बाईच्या अंगात आलं. बोईसर स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याने तर मलाच सांगितलं की सालवडच्या एका सोसायटीत सिनेमा बघता बघता माणूस गेला. मी त्याला म्हटलं, "अहो, मीच लावला होता तो सिनेमा!" त्याने आरशातून माझ्याकडे असं पाहिलं की मी एक स्टॉप आधीच उतरले.

तर एकदाच काय ते सांगून टाकते.

मी वंदना. औषधाच्या एका कंपनीत लॅबमध्ये तेवीस वर्षं आहे. आमच्या कंपनीची सुट्टी शुक्रवारी. सगळ्या जगाचा रविवार आणि आमचा शुक्रवार, त्यामुळे माहेरचं, कराडकडचं, एकही लग्न मी रजा न टाकता पाहिलेलं नाही. पण त्यात एक फायदा निघाला. साखरपुडे, बारशी, वाढदिवस सगळे रविवारी. शुक्रवारी दुपारी सोसायटीचा हॉल कोणालाच नको असतो!

मुलं शिकायला बाहेर गेली तेव्हा नवरा म्हणाला, "आता वेळ आहे तर टीव्ही बघत जा की." मी म्हटलं, "टीव्ही तुम्ही बघता. मी शेजारी बसते." त्यावरून आमचा सिनेमा क्लब सुरू झाला. महिन्यातून एक शुक्रवार, दुपारी दोन वाजता, ज्याला यायचंय त्याने यावं. सोसायटीतला असो, बाहेरचा असो.

नियम एकच, आणि तो मी लॅबमधून उचलला. सिनेमा संपल्यावर प्रत्येकाने कागदावर आपलं मत लिहायचं. पेननेच. पेन्सिल चालत नाही, व्हाइटनर चालत नाही. चुकलं तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही. आणि दुसऱ्याचं ऐकून आपलं बदलायचं नाही. कागद फाइलला लागतात आणि पुढच्या शुक्रवारी मी ते नावानिशी मोठ्याने वाचते. लोक आधी हसले. मग सवय झाली. आता तर काही जण सिनेमासाठी येत नाहीत, कागदासाठी येतात.

* * *

तर तो सिनेमा. फार जुन्या, बिनआवाजी काळातल्या एका पिशाच्चपटाचा नव्याने काढलेला अवतार. ओटीटीवर आला होता, हिंदीत डब केलेला. गोष्ट साधी. दूर डोंगरात किल्ला, किल्ल्यात एक उमराव, माणसांच्या रक्तावर जगणारा. तो जहाजाने एका शहरात येतो आणि नुकतं लग्न झालेल्या एका मुलीच्या मागे लागतो. पण त्याला एक अडचण आहे. आतल्या माणसाने 'ये' म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. रोज दारात उभा राहून तो विचारतो, "क्या मुझे अंदर आने की इजाज़त है?" शेवटी एके दिवशी ती मुलगी दार उघडते. मग तोही संपतो आणि तीही.

सिनेमा एवढा काळोखाचा की दुपारी दोनला दिसणार काय? आमच्या हॉलला नऊ खिडक्या! यादवजी धावून आले. यादवजी आझमगढचे, एका कारखान्यात फिटर, आणि आमचे बिनपगारी इंजिनियर. त्यांनी ड्रममध्ये घालतात त्या नव्याकोऱ्या काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या, कापल्या, खिडक्यांना टेपने चिकटवल्या. काळोख उत्तम झाला. फक्त पंख्याचा वारा लागला की नऊच्या नऊ खिडक्या श्वास घेतल्यासारख्या फुगायच्या आणि सळसळत आत यायच्या.

लोक आजही म्हणतात, सिनेमा ठीक, पण साउंड इफेक्ट काय होते हो!

* * *

पहिला कागद पाटील सरांचा. सर पालघरला शाळेत मराठी शिकवायचे, आता निवृत्त. सरांनी मूळचा बिनआवाजी सिनेमा तरुणपणी मुंबईत कुठल्याशा महोत्सवात पाहिलेला. त्यामुळे नव्या सिनेमात काहीही झालं की सर अंधारातून बोलायचे.

"जुन्यात हे नव्हतं."

जहाज आलं. "जुन्यात जास्त हळू आलं होतं."

मुलगी रडली. "जुनी रडत नव्हती. जुनी बघायची."

उमराव बोलायला लागला तेव्हा तर सर प्रोजेक्टरच्या झोतात उठूनच उभे राहिले. "अरे, त्याला बोलवता कशाला? न बोलण्यातच त्याची भीती होती!" मागून कोणीतरी म्हणालं, "सर, खाली बसा, तुमची भीती पडद्यावर पडतेय!"

सरांचा कागद म्हणजे सात पानं निघाली. वळणदार अक्षर, एकही रेघ नाही. सहा पानं आणि पाऊण, जुन्या सिनेमाबद्दल. शेवटी एक ओळ, 'नवा पाहिला.'

मी ते सगळं इमाने इतबारे वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर रघुनाथकाका सरांकडे वळले आणि अगदी काळजीने म्हणाले, "सर, तुमी शिनेमा बघीत होते का आठवीत होते?"

* * *

हे रघुनाथकाका म्हणजे केळव्याकडचे वाडीवाले. चिकू, नारळ, थोडी पानवेल. लेक आमच्या सोसायटीत राहते, म्हणून शुक्रवारी येतात आणि डब्यातून चिकू आणतात. मऊ माणूस. पण त्या दिवशी सिनेमा संपल्यावर इतके चिडले होते की पेन धरता येईना.

उमरावाचं वटवाघूळ होतं आणि खिडकीतून फडफडत जातं, हा त्या चिडण्याचा विषय.

"सगळा खोटा हाय!" काका म्हणाले. "पाखरू फळ खातं. रगत पितं कवा? मी चाळीस वर्सं झाडाखाली बसतो. प्यायचं असतं तर माझं नसतं प्यायलं?"

आता गंमत अशी की वटवाघळांचा या भागात काकांएवढा मोठा वैरी नाही. चिकूला जाळी लावून, डबे वाजवून, फटाके फोडून त्यांनी अख्खं गाव जागवलेलं आहे. त्यांच्या लेकीने तेच काढलं. "बाबा, तुम्ही तर रोज शिव्या घालता त्यांना!"

"घालतो! चोर हाय म्हनून घालतो. पन खुनी नाय तो!" काकांनी टेबलावर हात आपटला. "वैरी झाला म्हनून काय खोटा आळ घ्यायचा?"

कागदावर त्यांनी एवढंच लिहिलं, 'वटवाघळाची बदनामी थांबवावी.' आणि खाली सही, पत्ता, तलाठ्याकडच्या अर्जावर करतात तशी.

* * *

यादवजी सिनेमाभर गप्प होते. मला वाटलं, घाबरले. कागद द्यायची वेळ आली तेव्हा म्हणाले, "भाभीजी, एक बात समझ में नहीं आई. इसमें भूत कब आया?"

मी म्हटलं, "अहो, तो उमराव! तोच तर भूत!"

"वो?" यादवजी हसायलाच लागले. "वो तो हमारे गाँव के जमींदार बाबूसाहब हैं! बड़ी हवेली, बाहर कभी निकलते नहीं, और जिसके दरवाजे पर खड़े हो गए उसका पूरा खानदान पीला पड़ गया. इसमें डरने का क्या है? हम तो इन्हीं के कारण बोईसर आए!"

त्यांनी कागदावर हिंदीत लिहिलं की सिनेमा चांगला आहे, कौटुंबिक आहे. मी विचारलं, "कौटुंबिक कसा काय?"

"हमारे कुटुंब में सबने देखा है ना, भाभीजी."

* * *

जयवंती मावशी मुरब्याच्या कोळीण. शुक्रवारी सकाळी सोसायटीत मासे घेऊन येतात, आणि पाटी रिकामी झाली की पुढच्या रांगेत, पंख्याखाली, पाय वर घेऊन बसतात. लिहिता येत नाही, म्हणून त्यांचा कागद मी लिहिते. त्या सांगतात, मी एक शब्द न बदलता उतरवते, त्या खाली अंगठा देतात.

सिनेमात जहाजावरचे खलाशी एकेक करून मरतात. शेवटी कप्तान सुकाणूला बांधलेला, मेलेला. आणि जहाज आपलं आपण ऐटीत बंदराला लागतं. अन् मावशी कडाडल्या, "थांबवा!"

मी घाबरून थांबवलाच. वाटलं, मावशींना काही होतंय.

"भरती व्हती का ओहोटी?" मावशींनी विचारलं.

"काय?"

"बोट आत आली तवा. भरती व्हती का ओहोटी? वारा खालचा का वरचा? आमच्या खाडीच्या तोंडाला जिता तांडेल, डोले उघडे ठेवून, बोट वालूवर चढवतो. नि ह्यो मेलेला मानूस पयल्या झटक्यात धक्क्याला लावतो?"

तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान. मावशींच्या घरात तीन पिढ्या तांडेल. त्यामुळे यावर कोण बोलणार! पाटील सर हळूच म्हणाले, "जुन्यात पण तसंच आलं होतं." मावशी म्हणाल्या, "मग जुन्यापासून खोटं बोलतात!"

सिनेमा पुढे सुरू व्हायला वीस मिनिटं लागली. नंतर त्यांनी मला जे लिहायला लावलं ते आजही आमच्या लॅबमध्ये लोक एकमेकांना ऐकवतात. "लिव. त्या उमरावाला सांग, मुरब्याला ये. असा मेल्या मानसाकडून बोट आननारा आमाला पायजेच हाय. खानं-पिनं आमचं. रगत तेवढं मागू नको."

* * *

इथवर सगळं हसण्यावारी होतं. आता पुढचं ऐका.

सिनेमा संपल्यावर सगळ्यांचं भांडण एकाच जागी येऊन अडकलं. त्या मुलीने दार का उघडलं? बहुतेकांच्या मते भीतीने. काहींच्या मते शहर वाचवायला, म्हणजे बलिदान. पाटील सरांच्या मते जुन्यात ते जास्त स्पष्ट होतं. दोन कॉलेजच्या मुलींनी 'लव्ह' असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं.

एक कागद प्रणालीचा होता. प्रणाली म्हणजे आमच्या सोसायटीच्या चेअरमनची, मोहिते साहेबांची, सून, लग्नाला दीड वर्ष झालेलं. मोहिते साहेब एका कंपनीत पर्सोनेलला होते, तेव्हापासून लोक त्यांना बघून शर्ट खोचतात. घरात साहेब, त्यांच्या पत्नी नलिनीकाकू, मुलगा आणि ही. नलिनीकाकू हळदीकुंकवाशिवाय हॉलची पायरी चढत नाहीत. प्रणाली 'भाजी आणते' म्हणून निघायची, दाराजवळच्या खुर्चीवर बसायची, मांडीवर कापडी पिशवी. सिनेमा संपला की कागद माझ्या हातात देऊन पळायची, आणि बाजारातून धावत चार जुड्या घेऊन घरी.

तिचा कागद पाच ओळींचा. मी तो तोंडपाठ सांगू शकते.

'तिच्या खोलीत सगळे न विचारता येतात. नवरा येतो, सासरे येतात, डॉक्टर येतो, मोलकरीण येते. कोणी दार वाजवत नाही. सबंध सिनेमात दारात उभं राहून, आत येऊ का, असं विचारणारं एकटं पिशाच्च आहे. म्हणून तिने त्याला दार उघडलं.'

खाली सही. पूर्ण नाव.

मी लॅबमध्ये तेवीस वर्षं काढली आहेत. एखादं रीडिंग असं येतं की यंत्र बिघडलं असं आधी वाटतं. मग दोनदा तपासल्यावर कळतं की यंत्र बरोबर आहे, आपणच इतके दिवस चुकीचं धरून चाललो होतो. तो कागद वाचून मला तसं झालं. मी एकवीस वर्षं ज्या सासरी राहिले तिथे आमच्या खोलीला कडी नव्हती, पडदा होता. मला हे कधी लिहावंसं वाटलं नाही. लिहिता येतं हेच सुचलं नाही.

वाचायच्या आधी मी तिला जिन्यात गाठून विचारलं, "वाचू का? नावानिशी वाचावं लागेल." ती घाबरलेली दिसली. पण म्हणाली, "सगळ्यांचं वाचता ना ताई? मग माझंही वाचा."

मी वाचलं. हॉलमध्ये कोणी हसलं नाही. फक्त जयवंती मावशी म्हणाल्या, "परत एकदा वाच."

* * *

शुक्रवारी वाचलं आणि शनिवारी सकाळी, मी कामावर निघायच्या आधीच, मोहिते साहेब माझ्या दारात! आणि हो, बेल न वाजवता. दार उघडं होतं, सरळ सोफ्यावर येऊन बसले.

"वंदनाताई, तो कागद द्या."

"कुठला?"

"तुम्हाला माहीत आहे. आमच्या घराची अब्रू आहे ती. लोक मला बघून हसतात. काल जिन्यात एकाने मला विचारलं, साहेब, आत येऊ का?"

मला हसू आलं ते मी चहात बुडवलं. म्हटलं, "साहेब, कागद फाइलला लागला की निघत नाही. लिहिणाऱ्याला स्वतःला वाटलं तर तो एक रेघ मारून सही करू शकतो. दुसऱ्या कोणाला तो हक्क नाही. मलाही नाही."

साहेबांनी मग पर्सोनेलचा आवाज काढला. "असं करा. सगळ्यांची मतं एकत्र करून एकच मत तयार करा. 'वाईटाचा शेवट वाईट होतो, असा बोध मिळाला.' सगळ्यांच्या सह्या घ्या, बाकीचे कागद काढून टाका. क्लब चालू राहील. नाहीतर पुढच्या शुक्रवारी मीटिंग लावतो, हॉल बंद."

"म्हणजे सरासरी काढू?"

"हां! सरासरी काढा!"

"साहेब, औषधाच्या बॅचमध्ये एकतीस गोळ्या पास झाल्या आणि एक नाही झाली, तर आम्ही सरासरी काढत नाही. काढली तर नोकरी जाते. त्या एका गोळीचं काय झालं, ते शोधतो."

"मग शोधा!"

"तेच तर तिने लिहिलंय."

साहेब उठले. जाताना दार आपटून गेले. खोटं कशाला सांगू, ते गेल्यावर मी घाबरले. क्लब म्हणजे काही जगबुडी नव्हती. पण तेवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या सुट्टीची एक दुपार माझी झाली होती, आणि ती जाणार होती. आणि त्याहून मोठी भीती त्या पोरीची. मी क्लब गमावीन आणि घरी येऊन वरण-भात लावीन. ती त्याच घरात राहणार होती, ज्या घराबद्दल तिने लिहिलं असं आता सगळ्या सालवडला वाटत होतं.

मी तिला फोन केला. म्हटलं, "प्रणाली, तुला रेघ मारायची असेल तर मी फाइल घेऊन येते. कोणी तुला नावं ठेवणार नाही. मीही नाही."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. ती हळू म्हणाली, "ताई, रेघ चुकलं तर मारतात ना?"

* * *

मीटिंग शुक्रवारी अकराला. साहेबांनी मुद्दाम सोसायटीबाहेरच्यांना मज्जाव केला होता. तरी दारात यादवजी उभे, शेजारी जयवंती मावशी, पाटी डोक्यावर. वॉचमनने अडवलं तर मावशी म्हणाल्या, "पापलेट इकायला आलेय. इकू नको का?" त्यांची पाटी रिकामी होती.

साहेबांनी भाषण केलं. संस्कार, कुटुंब, पाश्चात्त्य भुतं, सगळं आलं. मग म्हणाले, "तो कागद नष्ट करावा, असा ठराव मांडतो. ज्यांना तो कागद पटतो त्यांनी हात वर करा!"

कोणाचा हात वर गेला नाही. साहेबांच्या चेहऱ्यावर विजय!

मग रघुनाथकाका उठले. ते सोसायटीचे नाहीत, पण लेकीच्या खुर्चीवर बसलेले, त्यामुळे कोणी हटकलं नाही. "मला पन पटला नाय तो कागद. पिशाच्चाला कोन दार उघडतं? येडेपना हाय." साहेब मान डोलवायला लागले. काका पुढे म्हणाले, "पन पटला नाय म्हनून फाडायचा, हे कोनी सांगितलं? मग माझा कागद पन इथं कोनाला पटलेला नाय. वटवाघळाचा!"

पाटील सर उभे राहिले. मला वाटलं, आता जुन्यात काय होतं ते सांगणार. सर म्हणाले, "मी छत्तीस वर्षं पेपर तपासले. उत्तर चुकलं तर शून्य देतात, मोहिते. पेपर फाडणाऱ्याला शाळेतून काढतात."

दारातून यादवजी ओरडले, "हमारे यहाँ बाबूसाहब भी यही करते थे! कागज ही फाड़ देते थे!"

साहेब लाल झाले. "तुम्ही कोण? बाहेर व्हा!"

"बाहर ही तो हैं, साहब."

हशा पिकला. मीही बोलले. काय बोलले ते नीट आठवत नाही, पण आवाज चढला होता एवढं आठवतं. म्हटलं, "हॉल घ्या. कुलूप घाला. आम्ही गच्चीत बसू, तिथे नाही तर काकांच्या वाडीत चिकूखाली बसू. पण बत्तीस कागदांची फाइल बत्तीसचीच राहील. एकतीस कागदांचा क्लब मला चालवायचा नाही!" माझा नवरा शेवटच्या रांगेत बसला होता. त्याने टाळी वाजवली. एकटाच. मला तेवढी पुरली.

साहेबांना कळलं की माझ्याकडून काही मिळणार नाही. मग त्यांनी तोफ वळवली. सुनेकडे. ती भिंतीला लागून बसली होती, सासूच्या शेजारी. नलिनीकाकू त्या दिवशी पहिल्यांदा हळदीकुंकू नसताना हॉलमध्ये आल्या होत्या, आणि आल्यापासून पदराचं टोक नीट करत होत्या.

"प्रणाली, उभी राहा." साहेबांचा आवाज एकदम शांत झाला. तो मला जास्त वाईट वाटला. "सगळ्यांसमोर सांग. हे जे घाणेरडं मत आहे, ते तुझं आहे का? हो किंवा नाही. हो म्हणालीस, तर आजपासून हॉल नाही, बाजार नाही, काही नाही. तुझी आई येऊन घेऊन जाईल."

खिडकीला चिकटलेल्या टेपचा एक तुकडा पंख्याने फडफडत होता, तेवढा आवाज. प्रणाली उठली. मी माझ्या खुर्चीतून अर्धी उठले होते, काय करायला ते मलाही माहीत नव्हतं.

तिने तोंड उघडलं, तेवढ्यात नलिनीकाकूंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. आणि स्वतः उभ्या राहिल्या.

"मत माझं आहे," काकू म्हणाल्या. "अक्षर तेवढं तिचं."

साहेबांना आधी कळलंच नाही. "काय?"

"मी सांगितलं, तिने लिहिलं. पाचही ओळी."

"अगं, वेड लागलंय का? तू कुठे बघितलास सिनेमा? शुक्रवारी सबंध दुपार तू घरात होतीस!"

काकूंनी पदर खांद्यावर घेतला.

"तुम्हाला काय माहीत?" त्या म्हणाल्या. "तुम्ही झोपला होतात."